एमबीए करू की शॉपवरच बसू? (अंबड, नाशिक, वय २७)

अंबडचा_बारस्टॉक | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मेकॅनिकल डिप्लोमा, मग बीई, आणि गेली ४ वर्षं पप्पांच्या शॉपवर. अंबड एमआयडीसीत शेड आहे. २ सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), १ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), ११ माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या पार्टीला पिना, बुश, स्पेसर देतो. उलाढाल महिन्याला १५ लाखांच्या आसपास. मी क्वालिटी, डिस्पॅच, कोटेशन बघतो. टॅली धाकटी बहीण बघते, तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे.

यंदा गंमत म्हणून सीईटी दिली आणि मार्क बरे पडले. पुण्यात २ वर्षांच्या एमबीएला सीट मिळतेय. फी, होस्टेल, खाणंपिणं धरून ९ लाख. पप्पा म्हणतात, "धंदा काय पुस्तकात बघून करतात का? तेवढ्यात जुनं सीएनसी येतं." आई म्हणते जाऊ द्या, स्थळं तरी बरी येतील. (हसू नका.)

मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. कामाची कमी नाही, ऑर्डर वाढतायत, पार्टी खूश आहे. तरी दर महिन्याच्या ७ तारखेला पगारासाठी ओढाताण. पप्पा हिशोबाला पक्के आहेत, उधळपट्टी शून्य. म्हणजे आम्हाला न येणारं काहीतरी आहे. ते एमबीएत शिकवतात का? गुरुवारपर्यंत सीट कन्फर्म करायची आहे.

मिसळ_आणि_पाव_वेगळा | सोमवार, रात्री १०:५८

९ लाख मला दे, मी तुला शहाणपण शिकवतो. तर्री फुकट.

मास्तर_मॅनेजमेंट | सोमवार, रात्री ११:२५

मी १४ वर्षं हे विषय शिकवतो, म्हणजे माझं पोट यावरच आहे, तेव्हा माझं मत तेवढं मीठ लावून घ्या.

आमच्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांनी कारखान्याचं गेटही पाहिलेलं नसतं. त्यांना मी 'एका माणसाला एकच साहेब' हे तत्त्व शिकवतो, ते पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. हे ज्याने मांडलं तो हेन्री फेयॉल वर्गात बसून सिद्धान्त लिहिणारा नव्हता. फ्रान्समधला खाणीचा इंजिनियर. १८८८ मध्ये बुडायला आलेली खाण-पोलादाची कंपनी त्याच्या गळ्यात पडली, ती त्याने वर काढली, आणि मग म्हातारपणी १९१६ मध्ये आपली १४ तत्त्वं छापली.

आता तुम्ही सांगा, तुमच्या ऑपरेटरला मशीनवर कुठला जॉब चढवायचा हे कोण सांगतं?

अंबडचा_बारस्टॉक | सोमवार, रात्री ११:३१

सर, सकाळी मी सांगतो. दुपारी पप्पा पार्टीचा फोन आला की बदलतात. संध्याकाळी काका (पप्पांचे धाकटे भाऊ, पार्टनर आहेत) येतात आणि परत बदलतात.

मास्तर_मॅनेजमेंट | सोमवार, रात्री ११:३३

झालं तर. फेयॉल तुमच्या शेडमध्ये रोज तीनदा मरतो.

सेकंड_शिफ्ट | मंगळवार, मध्यरात्री १२:५०

आत्ताच घरी आलो, द्वारकेला या वेळी पण ट्रॅफिक, नाशिकचं काही खरं नाही.

भाऊ, मी सातपूरला प्रॉडक्शनला आहे. तीनदा जॉब बदलतो म्हणालास. एका सेटिंगला (मशीन नव्या जॉबसाठी लावायला) किती वेळ जातो ते कधी घड्याळ लावून बघितलंस का? आमच्याकडे दीड तास धरायचे. मोजला तर २ तास २० मिनिटं. त्यातला निम्मा वेळ चक जॉ (जॉब पकडायचे जबडे) शोधण्यात, इन्सर्ट (कापायची पाती) स्टोअरमधून आणण्यात आणि पहिला पीस क्वालिटीवाल्याची वाट बघत पडून राहण्यात. मशीन बंद असताना करायची कामं आणि चालू असताना करता येणारी कामं एवढी दोनच वेगळी केली. ५० मिनिटांवर आलो. जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाच्या माणसाने टोयोटाच्या प्रेसवर हेच केलं, तासांचं काम मिनिटांवर आणलं. मला ते आमच्या जुन्या फोरमनने शिकवलं, तो दहावी नापास. त्याला शिंगोचं नाव माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे कोटेशन. तुम्ही भाव कसा काढता?

अंबडचा_बारस्टॉक | मंगळवार, सकाळी ८:१०

मटेरियल + मशीनचा तासाचा दर + १५ टक्के. तासाच्या दरात पगार, भाडं, हप्ता, वीज सगळं वाटून टाकतो. मागच्या महिन्यात एका नवीन पार्टीने १८ रुपयांत पिन मागितली, आमचा खर्च साडेवीस निघत होता. पप्पांनी हात जोडले.

सेकंड_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:१५

इथेच गोची आहे. त्या साडेवीसमध्ये मटेरियल किती?

अंबडचा_बारस्टॉक | मंगळवार, दुपारी १:२०

११. इन्सर्ट, कूलंट, वीज मिळून ३.

सेकंड_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:४४

म्हणजे पीस केला तरच खिशातून जाणारे पैसे १४. बाकीचे साडेसहा म्हणजे भाडं, हप्ता, पगार. ते तू पिन केलीस तरी जाणार, नाही केलीस तरी जाणार. १८ ला दिली असती तर पिनेमागे ४ रुपये त्या खर्चाला हातभार लागला असता. तुझी टर्निंग रिकामी असते का कधी?

समजा रोज एक शिफ्ट रिकामी आहे आणि ऑपरेटर पगारावर बसूनच आहे. ३ मिनिटांची पिन, महिन्याला ४,००० पीस निघाले तरी १६,००० रुपये. तुमच्या हिशोबात हा तोटा होता.

पण थांब, लगेच पप्पांशी भांडू नकोस. ती पिन व्हीएमसीवर जाणार असेल आणि व्हीएमसीपुढे आधीच रांग असेल तर गणित उलटं. तिथे पीसमागे किती मिळतात ते बघायचं नाही, त्या मशीनच्या तासामागे किती मिळतात ते बघायचं. ४ रुपयांचा पीस ३ मिनिटांत होत असेल तर तासाला ८० रुपये. ९ रुपयांचा पीस १० मिनिटं खात असेल तर तासाला ५४. आमचे सेल्सवाले कायम ९ वाल्याच्या मागे. गोल्डरॅट म्हणून एक इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ होता, त्याने सगळी आयुष्यभराची पेठ याच एका गोष्टीवर मांडली: कारखाना त्याच्या सर्वांत अडलेल्या मशीनच्या वेगाने चालतो. बाकीची मशीनं जोरात पळवलीत तर फक्त अर्धवट मालाचे ढीग वाढतात.

मोहाडीफाटा | मंगळवार, दुपारी ३:३०

+१. द्राक्षात पण हेच. आमच्याकडे सीझनला जो तो मजुरांच्या टोळ्या वाढवतो, सकाळी सहाला तोडणी. आणि माल जाऊन पडतो प्रीकूलिंगच्या (माल आधी गार करतात त्या खोल्यांच्या) दारात. तिथे खोल्या किती आहेत त्यावर सगळं. टोळी दुप्पट केली तर फक्त जास्त घड उन्हात बसतात.

अवांतर: धंद्याला एमबीए लागतंच का, तर आमच्या शेजारी सह्याद्री फार्म्स उभी करणारे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकीचे एम.टेक. सुला वाइनवाले राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, ओरॅकलची नोकरी सोडून आले. शिकलेले दोघंही, एमबीए म्हणून कोणी ओळखत नाही. पण २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषापायी युरोपने आपली द्राक्षं नाकारली तेव्हा ज्यांच्याकडे कुठल्या प्लॉटवर काय फवारलं याच्या नोंदी नव्हत्या ते गप्प बसले होते. त्या नोंदी ठेवायच्या हे कुणीतरी शिकवायलाच लागतं.

लासलगावकर | मंगळवार, सायंकाळी ७:०५

माझा भाचा एमबीए झाला आणि आमच्या गाळ्यावर येऊन मला मॅनेजमेंटवाल्या मायकेल पोर्टरची धंद्यातल्या स्पर्धेची पाच बळं समजावत होता. गिऱ्हाईक, पुरवठादार, नवा येणारा, पर्यायी माल, आपसातली स्पर्धा. म्हटलं बाळा, ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद, ती उठली मे २०२४ ला. तुझ्या पाचात दिल्ली कुठे बसते? गडी गप.

मास्तर_मॅनेजमेंट | मंगळवार, रात्री ९:१५

लासलगावकर, हा प्रश्न पोर्टरला १९७९ पासून विचारतायत. त्याचं म्हणणं, सरकार हे सहावं बळ नाही, ते या पाचांमधूनच काम करतं. निर्यात बंद झाली की तुमचा परदेशी गिऱ्हाईक बाद, मग देशातल्या गिऱ्हाइकाचा जोर वाढतो आणि तोच माल घेऊन तुम्ही सगळे एकमेकांच्या उरावर. तुमच्या भाच्याला हे सांगता आलं नाही यात पोर्टरची चूक नाही.

लासलगावकर | मंगळवार, रात्री ९:२२

जोर वाढला हे कळायला मला पोर्टर लागला नाही मास्तर, पट्टी (माल विकल्याची पावती) बघून कळलं.

पंचवटीची_लेक | मंगळवार, रात्री १०:५०

सगळे दादा-काका डिग्रीची टिंगल करतायत म्हणून लिहिते.

माझे वडील रिक्षा चालवायचे, निमाणी ते सीबीएस. मी बी.कॉम. करून एका पतसंस्थेत ८,००० वर होते. माझ्याकडे शेड नव्हती, पार्टी नव्हती, कोणी काका नव्हते. एमबीए फायनान्स केलं, शैक्षणिक कर्ज काढून. आज बँकेत छोट्या उद्योगांची कर्जप्रकरणं बघते. वर्गात शिकलेल्यापैकी रोज किती वापरते? खरं सांगायचं तर तीन-चार गोष्टी. पण त्या डिग्रीशिवाय मुलाखतीच्या खोलीत मला कोणी बसूच दिलं नसतं.

मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, त्याला २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्षणाने तुमची कुवत वाढो न वाढो, अनोळखी मालकाला ते खूण म्हणून उपयोगी पडतं. माझ्यासारखीला ती खूण हवी होती. अंबडच्या दादाला ती कोणाला दाखवायची आहे? पप्पांना?

नोकरी करायची असेल तर जा, बिनधास्त जा. पण कॉलेजने सांगितलेलं 'सरासरी पॅकेज' ऐकू नका. ओळीत मधोमध उभ्या पोराला किती मिळाले ते विचारा, आणि किती जण प्लेसमेंटला बसले तेही. मी ज्या कॉलेजात होते तिथे एका मुलीला परदेशी नोकरी लागली आणि त्या एकीच्या जोरावर पुढची ३ वर्षं फ्लेक्स लागत होते.

आणि एक. टॅली बहीण बघते म्हणालात. तिला पुढे काय करायचंय ते कोणी विचारलंय का?

येवल्याची_पैठणी | बुधवार, सकाळी ११:२०

ताईला अनुमोदन. मी पण एमबीए, मार्केटिंग. लग्नानंतर सासरच्या पैठणीच्या दुकानात बसते.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एकच कल्पना, बुडालेल्या खर्चाची. आमच्याकडे एक साडी ३ वर्षं कपाटात होती, अंगभर मुनिया (पोपटाची नक्षी), रंग मात्र चुकलेला. सासूबाई म्हणायच्या, विणकराला एवढे मोजलेत, कमी का करायची? अहो, पण मोजलेले पैसे साडी विकली नाही तर परत येणारेत का? प्रश्न फक्त एवढाच की आज हिचे किती येतील आणि त्या पैशांत काय भरता येईल. त्यांना पटवायला दीड वर्ष गेलं. हे वर्गात २० मिनिटांत शिकवलं होतं आणि मला सोपं वाटलं होतं.

पर्चेसकाका | बुधवार, रात्री ८:३०

उशीर झाला. नातवाची शाळा, मग सोमेश्वरला फेरी, असो.

बाळा, मी ३१ वर्षं एका कारखान्यात पर्चेसला होतो. म्हणजे तुमच्यासारख्यांचे पैसे अडवून ठेवणारा तो मीच. साहेबाचा हुकूम असायचा, अडवा. तेव्हा आता पापक्षालन म्हणून ऐक.

तुझा आजार नफ्याचा नाही, दिवसांचा आहे. कागद घे. तुझे आकडे मला माहीत नाहीत, मी अंदाजाने धरतो, तू नंतर बदल.

बार (स्टीलची सळई) येऊन शेडमध्ये पडतो, मशीनवर चढेपर्यंत २० दिवस. टर्निंग, व्हीएमसी, बाहेर हीट ट्रीटमेंट, परत आणणं, १२ दिवस. तयार माल गाडी भरेपर्यंत ६ दिवस. बिल लावल्यापासून पैसे येईपर्यंत ७५ दिवस. झाले ११३. स्टीलवाला तुला १५ दिवस थांबतो, ते वजा. राहिले ९८ दिवस.

आता तुझी उलाढाल १५ लाख, त्यात खर्च साडेतेरा धर. दिवसाला ४५,०००. हे ४५,००० रुपये रोज तू आत टाकतोस आणि ९८ दिवसांनी बाहेर काढतोस. ४५,००० गुणिले ९८ म्हणजे ४४ लाख १० हजार. एवढी रक्कम कायम रस्त्यावर आहे. (मजुरी पहिल्या दिवशी लागत नाही, मधे मधे चढते, म्हणून खरा आकडा थोडा खाली येईल. ढोबळ समज.) ही रक्कम तुझ्या पप्पांच्या बचतीतून, बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट) आणि आईच्या दागिन्यांतून उभी आहे. ११ टक्क्यांनी व्याज धरलं तर वर्षाला पावणेपाच लाखांच्या वर.

म्हणजे तू पिना बनवतोस असं तुला वाटतं. खरं तर तू त्या मोठ्या पार्टीला बिनव्याजी कर्ज देणारी बँक आहेस, पिना जोडधंदा.

आता पुढचं नीट वाच. ऑर्डर वाढतायत म्हणालास ना? उद्या पार्टी म्हणाली की माल दुप्पट दे, तर तुला आणखी ४४ लाख लागतील, नफा यायच्या आधी. ऑर्डर डबल झाली म्हणून पेढे वाटलेली माणसं मी पाहिलीत, आणि ८ महिन्यांनी त्यांचीच मशीनं विकायला निघालेली पण पाहिलीत. वहीत नफा होता त्यांच्या. बँकेत पैसे नव्हते.

याला खेळतं भांडवल म्हणतात. एमबीएत हे शिकवतात, हो. पण तिथे आकडे छापलेले असतात. तुला ते शोधायचे आहेत. एका गिऱ्हाइकाची गेल्या ६ महिन्यांची बिलं काढ, माल गेल्याची तारीख, बिलाची तारीख, त्यांच्या जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख. चार रकाने. एवढंच कर आणि इथे येऊन लिही.

ताळेबंदवाला | बुधवार, रात्री ९:४०

काकांना दंडवत. कायद्याची बाजू जोडतो.

छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आहे ना? १ एप्रिल २०२५ पासून यंत्रांतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तरी पार्टीला तुमचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं, मुदतीत पैसे न दिलेल्या पार्टीला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. (हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना, व्यापाऱ्यांना नाही. लासलगावकर, सॉरी.)

थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. करणारे थोडे, कारण पुढची ऑर्डर कोण देणार. पण मार्च जवळ आला की पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला आयकराच्या या नियमाची हळूच आठवण करून द्यायला काही हरकत नसते. माझ्या दोन अशिलांची जुनी बिलं तेवढ्यावर सुटली.

मिसळ_आणि_पाव_वेगळा | बुधवार, रात्री १०:०५

मी गंमत करायला आलो होतो, आता माझ्याच दुकानाचे दिवस मोजतोय. माझी सायकल १ दिवसाची. सकाळी मटकी, दुपारी पैसे. आणि मी स्वतःला गरीब समजत होतो.

मोहाडीफाटा | बुधवार, रात्री १०:२०

तुझी तर्री कोण उधार घेईल!

अंबडचा_बारस्टॉक | शुक्रवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीने टॅलीतून सगळं काढलं, पर्चेसकाकांनी सांगितलेले चार रकाने तिने तासाभरात भरले. मी नुसता चहा केला.

बिल ते पैसे ७५ नाही, सरासरी ८१ दिवस निघाले. पण खरा धक्का त्याच्या आधीच्या रकान्यात. माल जातो त्या दिवशी बिल लागतच नाही. गाडी चलनावर (माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर) जाते, चलनं पप्पांच्या ड्रॉवरमध्ये साठतात आणि शनिवारी एकदम बिलं होतात. त्यातही सहीची चलन-कॉपी ड्रायव्हरकडे राहिली की तो शनिवार हुकतो. सरासरी ९ दिवस. हे ९ दिवस पार्टीने नाही, आम्हीच खाल्ले. काकांच्या हिशोबाने ४ लाखांच्या वर. शिवाय चलनावर माल पाठवून बिल मागाहून करणं जीएसटीत पण बसत नाही म्हणे, ते बहिणीने ऐकवलं.

पप्पांना कागद दाखवला. काही बोलले नाहीत. आज सकाळी बहिणीला म्हणाले, गाडी निघायच्या आधी बिल हातात दे.

पुण्याची सीट काल सोडली. मुक्त विद्यापीठाचा विचार चाललाय, गावातच आहे, शॉप सोडावं लागणार नाही. आणि पंचवटीच्या ताई, तिला विचारलं. ती सीईटीच्या क्लासची चौकशी करून पण आली होती, गंगापूर रोडला, मार्चमध्येच. आम्हाला सांगितलं नव्हतं. पप्पांना अजून माहीत नाही, रविवारी बोलणार आहोत. ९ लाखांचा विषय परत निघणार.

पर्चेसकाका, एक शेवटचं. स्टीलवाला १५ ऐवजी ३० दिवस थांबायला तयार आहे, पण किलोमागे भाव वाढवून मागतोय. बार ६८ रुपये किलोने पडतो. कितीपर्यंत हो म्हणू?

पर्चेसकाका | शनिवार, सकाळी ६:५०

१५ दिवसांचं ११ टक्क्यांनी व्याज काढ. शेकड्याला ४५ पैसे. ६८ वर ३० पैसे झाले. २५ ला तोड, ३० पर्यंत जा. त्याच्या वर मागितले तर बँकच स्वस्त पडते, १५ दिवसच ठेव. आणि वजन आपल्या काट्यावर करून घे, तो भाव तिथे काढेल.